रत्नागिरी ते मालवण, नवी (म्हणजे जुनीच) होडी

खाडीकर: सेकंडहँड फायबर होडी घेतली, २२ फुटी, आउटबोर्डवाली (मागे बाहेरून लावलेलं इंजिन). आजवर खाडीतच फिरलोय. डिसेंबरात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून समुद्रमार्गे मालवणला न्यायचीय. एका दिवसात होईल? बायको म्हणते ट्रकवर घाला.

दर्यावेडा: वहिनींचं ऐका! गंमत हो. मी तरी विजयदुर्गला मुक्काम करीन, वाघोटण खाडीचा आडोसा झकास आहे. पहाटे मतलई (जमिनीकडून येणारं वारं) असताना निघा. दुपारी समुद्रावरून खारं वारं सुटलं की ते मागून येतं. सोपं वाटतं, पण लाट मागून उचलते आणि होडी आडवी फिरते. तिथे सुकाणू सोडायचं नाही. विजयदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंत आहे, लांबून वळा.

तांडेल: आधी टाकी बघा. जुन्या टाकीच्या तळाशी पाणी नि गाळ असतो. खाडीत बसून राहतो, बाहेर हेलकाव्यांनी ढवळतो आणि इंजिन बंद! टाकी धुवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

खाडीकर: आणि मालवणात शिरताना?

दर्यावेडा: उजेडातच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडकच खडक, तिथला माणूस सोबत घ्या. तटरक्षक दलाचा मदतीचा फोन नंबर १५५४ लिहून ठेवा; व्हीएचएफवर (बोटीचा रेडिओ) मदत मागायची तर चॅनल १६.

तांडेल: नांगराला दोर किती आहे?

खाडीकर: उद्या मोजतो.