आई म्हणते खिडक्या उघड, शेजारी म्हणतात बंद ठेवा (नागपूरचा पहिला उन्हाळा)

लोकल_सुटली:
नमस्कार मंडळी. जन्म डोंबिवलीचा, चाळीस वर्षं तिथेच काढली, फेब्रुवारीत बदली होऊन नागपुरात आलो. सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, डोक्यावर सरळ गच्ची, बेडरूमची भिंत पश्चिमेला. ऑफिसात सगळे म्हणाले एसीच्या बिलात मरशील, कूलर घे, म्हणून मोठा कूलर आणला आणि पहिल्याच दिवशी शहाणपणा करून एसीसारखं सगळं दार-खिडकी गच्च लावून सुरू केला. तासाभरात उशा दमट, डब्यातला चिवडा मऊ पडला, आम्ही घामाघूम, म्हणजे डोंबिवलीचा जून महिना पैसे देऊन विकत घेतला. आता आई रोज फोनवर सांगते खिडक्या उघड, वारा खेळू दे, आणि शेजारचे काका म्हणतात सकाळी आठनंतर खिडकी उघडाल तर पस्तावाल. दोघंही ठाम. त्यात परवा दुपारी ४४, संध्याकाळी वावटळ येऊन गारा, रात्री चादर ओढली, दुसऱ्या दिवशी परत भट्टी. घरात चार वर्षांची मुलगी आहे. नेमकं करायचं काय?

वऱ्हाडी_ठेचा:
का बाप्पा, खिडक्या लावून कूलर चालवून राहिले तुम्ही? 😂 सगळेच पुणे-मुंबईवाले पहिल्या वर्षी हेच करतात, मनावर घेऊ नका.

हे बघा भाऊ, कूलर हवा थंड करतो ते पाणी उडवून. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जाते, बस इतकाच खेळ. ४४ डिग्री आणि दमटपणा १५ टक्के असला तर चांगला कूलर २७-२८ ची हवा फेकते. पण ती ओली हवा घरातच कोंडली की पुढचं पाणी उडणार कुठून? म्हणून कूलर खिडकीत बसवायचा, पाठ बाहेर, तोंड आत, म्हणजे ओढताना बाहेरची कोरडी हवा ओढेल. आणि समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी, आतली हवा तिथून निघून जाईल. बाकी सगळ्या बंद, जाड पडदे. रात्री दहानंतर बाहेरचं उतरलं की सताड उघडा. म्हणजे काका दिवसा बरोबर, आई रात्री बरोबर.

अवकाळी आला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, त्या दिवशी हवेतच पाणी असते, पंप चालवला तर अजून चिकचिक. गच्चीवर घरमालकाला विचारून चुना मारून घ्या, जमलं तर हिरवी नेट बांधा, छत रात्री अकरापर्यंत आग ओकत राहते त्याला तोच इलाज. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर लावा, वास म्हणजे काय सांगू. पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचा, अर्थिंग तपासून घ्या, पोरगी लहान आहे, कूलरचा शॉक ही दर उन्हाळ्याची बातमी आहे इकडे. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंगीचे डास पाळाल.

अजून नवतपा बाकी आहे हां, २५ मे पासून नऊ दिवस. २०१३ च्या मे मध्ये ४७.९ पाहिलं आहे आम्ही.

घामट_ठाणेकर:
आईंची बाजू घ्यायला आलोय. आमच्याकडे ३४ डिग्री आणि ६५ टक्के दमटपणा असतो, तिथे कूलर फार तर चारपाच डिग्री उतरवणार आणि वर हवेत आणखी पाणी सोडणार. घामच वाळत नाही तर अंग गार कसं होणार, म्हणून आपल्याला वारा लागतो. आकडा बघून हसू नका, खारघरला १६ एप्रिल २०२३ ला पारा चाळिशीलाही नव्हता, तरी उघड्या मैदानात तासन्‌तास बसून १४ माणसं गेली.

बाकी लहरीपणाचं म्हणाल तर २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मे लाच हजर, एरवी ११ जूनची वाट बघतो आपण. माझी सांडग्यांची अख्खी गच्ची वाहून गेली (बायकोची म्हणजे, मी फक्त कावळे हाकलत होतो).

सिअ‍ॅटलची_माय:
इथे वर्षभर पावसाला नावं ठेवतो आम्ही, आणि जून २०२१ मध्ये तीन दिवस असे आले की सिअ‍ॅटलला ४२ झालं. माझ्याकडे एसी नाही, शेजाऱ्यांकडेही नाही, पंखासुद्धा छताला नाही. घरं थंडीसाठी बांधलेली, एकदा आत शिरलेली उष्णता बाहेर जाईचना. मग सोलापूरच्या आजीचं आठवलं, पहाटे सगळं उघडायचं, साडेसातला बंद, खिडक्यांना बाहेरून पांढऱ्या चादरी (आतून पडदा लावला तर काच तापून उष्णता आधीच आत आलेली असते), आणि खाली बेसमेंटमध्ये ओला पंचा घेऊन मुक्काम. नवरा हसत होता, दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली.

पण हसण्यासारखं नव्हतं ते. वर कॅनडात लिटन नावाच्या गावात ४९.६ झालं आणि दुसऱ्या दिवशी ते गावच वणव्यात जळालं. त्या एका प्रांतात ६१९ लोक गेले, जवळजवळ सगळे घरातच, बरेचसे म्हातारे आणि एकटे राहणारे. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणी आजी-आजोबा एकटे असतील तर दुपारी एकदा दार वाजवा.

कांदा_खिशात:
खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही. स्वानुभव.

वॉर्ड_नंबर_सात:
कांदा भाकरीबरोबर खा, खिशात ठेवून शर्टाला वास येतो फक्त. नर्स आहे म्हणून बोलतेय. पन्हं, ताक, कोकम सगळं चांगलंच, पण उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा, अंदाजपंचे नको. आणि माणूस बरळायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात धरा. सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात नको, लोक हमखास तेच करतात.

लोकल_सुटली:
ठेचा भाऊ, कूलर खिडकीत चढवला, समोरची चार बोटं उघडली, काल मुलगी दुपारी दोन तास झोपली, महिन्यात पहिल्यांदा. चुन्याला मालक तयार नाहीत, गच्ची खराब होते म्हणे, नेटवर भागवतोय.

आईला सगळं समजावलं, पटलं नाही. म्हणाली माठ तरी घेतलास का. घेतला. डोंबिवलीत आमचा माठ कधी धड गार व्हायचा नाही, दर वर्षी ती माठवाल्याशी भांडून बदलून आणायची. इथे पाणी इतकं गार की मुलीचे दात शिवशिवतात. आता त्या माठवाल्याची बाजू घेऊन आईला फोन करायची हिंमत गोळा करतोय.