ना सरळ, ना कुरळे : मधल्याच केसांचे अनुभव लिहा

अबोली
लेकीच्या डायरीत काल शेरा आला : 'केस विंचरून पाठवावे.' सकाळी साडेसहाला मीच विंचरले होते, पाण्याचा हात लावून, दोनदा. शेरा वाचला आणि मी थेट १९९३ सालच्या प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभी राहिले. चौथीत होते. बाईंनी रांगेतून बाहेर काढलं, नळाखाली डोकं धरायला लावलं आणि 'घरी फणी नाही का?' असं सगळ्यांसमोर विचारलं. पाणी मानेवरून फ्रॉकच्या आत उतरत होतं, ते अजून आठवतं.

माझे केस मधलेच. भांगापासून कानापर्यंत सरळ, कानाखाली वळायला लागतात, मानेवरच्या बटा तर बोटाला गुंडाळून सोडल्यासारख्या. कोरडे विंचरले की वळण मोडतं, पण सरळही होत नाहीत, नुसते पिंजारतात. आई वैतागून झिपऱ्या म्हणायची. बटा म्हणणारी एकटी आजी. दर रविवारी तीच न्हाऊ घालायची. शिकेकाई, रिठा, आवळकाठी रात्रीच भिजत घातलेली असायची, सकाळी उकळून गाळायची. केस ओले असतानाच बोटांनी गुंता सोडवायची, पंचानं नुसते टिपायची, खसाखसा पुसू द्यायची नाही, आणि वाळेपर्यंत फणीला हात लावायचा नाही. आजी गेली आणि घरात एकच पद्धत उरली : तेल थापा, घट्ट वेणी घाला.

वळणदार केस कोरडे विंचरायचेच नसतात, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. आता न्हाताना कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांचा कंगवा फिरवते. मग ओणवी होऊन, केस निथळत असतानाच जवसाचं जेल लावते, मुठीत धरून खालून वर दाबते आणि जुन्या सुती टी-शर्टात वीस मिनिटं बांधून ठेवते. सुटले की आजीच्या बटा परत येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा आरशासमोर रडले मी.

लेकीचे अगदी माझ्यासारखे. त्या शेऱ्याखाली काय लिहू ते सुचवा, आणि तुमचे अनुभवही लिहा.

केळफूल
अगदी अगदी! आमच्याकडे 'केस आहेत की सुगरणीचं घरटं' हे रोजचं होतं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

रानवारा
पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? माझेही असेच. सलूनमध्ये खुर्चीत बसलो की दादा आधी पाणी मारून, विंचरून सरळ करणार आणि मग कापणार. ओले असताना बरोबर दिसतं, घरी येऊन वाळले की डावी बाजू एक इंच आखूड. आता वाळलेल्या केसांवरच कापून घेतो, तेही थोडे लांब ठेवून. केस वाळल्यावर आकसतात, हे त्या दादांना पटवायला दोन वर्षं गेली. पण आता ते इतर गिऱ्हाइकांनाही सांगतात.

निरंजनी
@अबोली, फणी नाही का विचारलं ते वाचून पोटात कालवलं. शेऱ्याखाली सरळ लिही की केस विंचरलेले आहेत, ते असेच आहेत. खाली सही.

मी २०१६ साली लग्नाआधी सरळ करून घेतले. पाच तास खुर्चीत, डोळे चुरचुरत होते. सगळे छान म्हणाले, मलाही चार महिने छान वाटलं. मग मुळाशी नवे केस यायला लागले, ते माझे मूळचे. वर चार बोटं फुगलेलं आणि खाली इस्त्री केल्यासारखं सपाट, आणि जिथे दोन्ही जुळतात तिथेच केस तुटायचे. उशीवर, बेसिनमध्ये, पोळीच्या कणकेतसुद्धा केस. दीड वर्ष अंबाडा घालून काढलं आणि एक दिवस मानेपर्यंत कापून टाकले. त्या रात्री नवरा म्हणाला, 'तू कॉलेजातल्यासारखी दिसतेस.' आम्ही कॉलेजातलेच.

मिठागर
शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून दोन ओळी. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याला आकार देणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. एक हायड्रोजन बंध : पाणी लागलं की सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात, ज्या आकारात केस वाळेल त्याच आकारात. अबोलीच्या आजी फणीला हात लावू देत नव्हत्या, ते म्हणूनच बरोबर होतं. आणि आपल्या दमट हवेत सकाळी बसवलेले केस दुपारी पिंजारतात तेही म्हणूनच. दुसरे डायसल्फाइड बंध, गंधकाचे. ते पाण्यानं सुटत नाहीत, केस कायमचे सरळ करताना रसायनानं तोडून नव्यानं जोडतात. निरंजनीचे केस सांध्यावर तुटत होते त्याचं कारण हेच असावं. जे वाढून बाहेर आलेत ते पूर्ववत होत नाहीत, नवे यायचीच वाट बघायची.

गुलबक्षी
कुणी केसांचे नंबर सांगेल का? मुलगी म्हणते आई तुझे टू-बी आहेत. मला काही कळेना.

मिठागर
@गुलबक्षी, आंद्रे वॉकर म्हणून अमेरिकेतले केशरचनाकार आहेत, ऑप्रा विन्फ्री यांचे केस ते करायचे. त्यांनी १९९०च्या दशकात ही वर्गवारी मांडली. एक म्हणजे सरळ, दोन लाटदार, तीन कुरळे, चार अगदी घट्ट कुरळे. दोनमध्ये ए म्हणजे जेमतेम लाट, बी म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखं वळण, सी म्हणजे जाड आणि पिंजारणारे. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकारही असतात, त्यामुळे नंबरावर फार जाऊ नका.

केळफूल
आले. माझं थोडं वेगळं मत आहे. लॉरेन मॅसी यांची कुरळ्या केसांची पद्धत मी तंतोतंत पाळली : शाम्पूतलं फेस आणणारं सल्फेट बंद, केसांवर गुळगुळीत थर देणारं सिलिकोन बंद, शाम्पूच्या जागी कंडिशनरनंच धुणं. तीन महिन्यांत केस तेलकट होऊन टाळूला चिकटले, वळणही गेलं. आपले केस कुरळे नाहीत गं, मधले आहेत. जड काही लावलं की खाली ओढले जातात. आता आठवड्यातून दोनदा साधा सौम्य शाम्पू, कंडिशनर फक्त कानाखाली, क्रीम अजिबात नाही, थोडंसं जेल. तेल न्हायच्या आधी तासभर, खोबरेल, तेही थेंब मोजून. खूप शोधाशोध करून एवढंच हाती राहिलं आणि तेवढंच पुरतंय.

तुळशीवृंदावन
पाण्याचं कुणीच लिहिलं नाही? ठाण्याहून वाघोलीला आलो. सोसायटीत बोअर आणि टँकर. दोन महिन्यांत केस झाडूसारखे राठ, बादलीच्या कडेला पांढरा थर. मी शाम्पूवर शाम्पू बदलत बसले, दोष पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा होता. आता महिन्यातून एकदा ईडीटीएवाला, म्हणजे पाण्यातले हे क्षार धरून काढणारा शाम्पू लावते आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेते. फरक पहिल्याच न्हाण्यात कळला, बोट सरकन खालपर्यंत गेलं.

टेम्सकाठी
@तुळशीवृंदावन +१. लंडनचं पाणीही भयंकर जड, केटलमध्ये चुन्याची पापुद्री. भारतात आले की आईकडे दादरला तिसऱ्या दिवशी केस आपोआप बटा धरतात. आई म्हणते माहेरचं पाणी लागलं :) तिला वाटतं तसंच वाटू दे.

दर्याकाठ
आमच्या गोव्यात जास्वंदीची पानं. दहा-बारा पानं कोमट पाण्यात चुरडायची, हिरवा बुळबुळीत रस निघतो, गाळून तोच केसांना. फेस नाही, पण गुंता लोण्यासारखा सुटतो. आजी वर नारळाचा रस लावायची. गाळताना कंटाळा करू नका, पानाचे कण केसांत राहिले की दिवसभर खाजतं.

शेवंती
मी फक्त वाचतेय, केस सरळ आहेत. पण आईबद्दल विचारायचंय. आई ६२. तिचे केस आयुष्यभर रेशमासारखे सरळ, लांब वेणी. गेल्या वर्षी केमो झाली, सगळे गेले. आता आलेत ते दोन बोटं लांब आणि चक्क वळणदार. ती रोज सकाळी आरशासमोर बसून पाणी लावून दाबत राहते आणि म्हणते, 'हे माझे नाहीत गं.' तिला काय सांगू?

निरंजनी
@शेवंती, आईंना घट्ट मिठी. माझ्या मावशीचेही केमोनंतर असेच आले होते. सव्वा वर्षानं हळूहळू सरळ व्हायला लागले. सगळ्यांचे होतातच असं नाही, पण बऱ्याच जणींचे होतात. तोवर दाबू नका म्हणावं, टाळू नाजूक असते.

अबोली
@शेवंती, आईंना न्हाऊ घालायला कुणी आहे का? असेल तर एकदा फक्त बोटांनी, अगदी हलक्या हातानं करून बघा. मऊ सुती कापडानं टिपायचं आणि सोडून द्यायचं. जेल वगैरे काही लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा. माझी आजी असती तर म्हणाली असती, दोन बोटांच्याच का होईना, बटा आल्यात.

शेवंती
मीच घालते. उद्या रविवार आहे. करून बघते. डोळे भरून आले.

गुलबक्षी
अबोली, जेलची कृती नीट लिही ना. माझं एकदा खळ झालं होतं, एकदा नुसतं पाणी.

अबोली
दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मध्यम आच, सतत ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस येतो. चमचा वर उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली पाहिजे. त्याच क्षणी गॅस बंद. आणि गरम असतानाच गाळायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. निवलं की गाळणीतून खाली उतरतच नाही. मी जुन्या पातळ मोज्यातून पिळते. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की टाकून द्या. वाळल्यावर केस कडक लागतील, घाबरू नका, तळहातावर तेलाचा एक थेंब चोळून मुठीनं दाबलं की सुटतात. जास्त लावलं तर पांढरे कण पडतात.

शेऱ्याखाली निरंजनीनं सांगितलं तेच लिहिलं आणि सही केली. उद्या डायरी दप्तरात ठेवते.

वऱ्हाडी पाटी
अवांतर : जवस एवढे आणलेतच तर चटणीही करा. आमच्या अमरावतीकडे याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. जवस, सुकी लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ. वरून कच्चं तेल.

रानवारा
आता केसांचं राहू दे, चटणीचं सांगा. लसूण सोलून की सालासकट?

वऱ्हाडी पाटी
सालासकट. खलबत्त्यात. मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो.

गुलबक्षी
थांबा थांबा, जवस भाजून घ्यायचे की कच्चे?

वऱ्हाडी पाटी
चटणीला भाजून. तडतडले की लगेच उतरवा.

अबोली
आणि जेलला कच्चे.