उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतो आहोत. पण ज्यांच्या हातून उपकार झाले, त्यांचे आभार कसे मानावेत?

प्रश्न: टॉवेलवाला_सोलापूर

सर्वांना जय ख्रिस्त.

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेल विणण्याचा लहानसा कारखाना आहे. या पावसाळ्यात माझ्या वडिलांवर मोठी शस्त्रक्रिया झाली. आता ते घरी आले आहेत, काठी घेऊन अंगणात फिरतात आणि रविवारी उपासनेला येण्याचा हट्ट धरतात. आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) अशा वेळी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात, हे आपणांस ठाऊकच आहे. पाळकसाहेब येतात, गीते होतात, वचन वाचले जाते, घरचे कोणीतरी साक्ष देते आणि शेवटी सर्वांचे जेवण होते. आम्हीही ती ठेवणार आहोत, कारण वडील परत मिळाले ही देवाची कृपा आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही.

परंतु आमंत्रितांची यादी करायला बसलो, तेव्हा तीत सगळी मंडळीतलीच नावे आली. रुग्णालयातील दिवस आठवले, तर डोळ्यांपुढे वेगळीच माणसे उभी राहतात. शेजारच्या लिंगायत काकूंनी रोज दोन्ही वेळचा डबा पाठवला. मध्यरात्री वडिलांना घेऊन धावणारे रिक्षावाले चाचा पुढे कितीदा तरी केवळ विचारपूस करायला आले. वॉर्डातल्या मावशी वडिलांचे सर्व काही तोंड न वाकडे करता करत होत्या. माझ्या दोन कामगारांनी मी नसताना माग चालू ठेवले आणि गिऱ्हाइकांचा माल वेळेवर पोहोचवला. शिवाय ज्यांचे रक्त वडिलांना चढवले, त्यांची तर नावेही मला माहीत नाहीत.

देवाचे आभार मानून मी या माणसांना विसरलो, तर ते आभार अपुरे राहतील असे मला वाटते. पण पाकीट हातात दिले की हिशेब चुकता केल्यासारखे होते, आणि प्रार्थनेला बोलावले तर आपल्याला धर्म सांगायला बोलावले असा कोणाचा समज होईल, ही भीती वाटते. आपण अशा वेळी काय करता? आणि प्रार्थनेचा दिवस उलटून गेल्यावर ही कृतज्ञता रोजच्या वागण्यात कशी राहील?

उत्तर 1: निवृत्त_शिक्षिका

दादा, प्रथम आपल्या वडिलांसाठी देवाची स्तुती असो.

आपला प्रश्न वाचताना मला बायबलमधल्या दावीद राजाच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवला, जो उपदेशांतून फारसा ऐकू येत नाही. दाविदाचा मुलगा अबशालोम याने बंड केले आणि दाविदाला यरुशलेम सोडून यार्देन नदीपलीकडे महनाईमला जावे लागले, तेव्हा बर्जिल्लय नावाच्या एका वृद्ध गिलादी गृहस्थाने आणि आणखी काही जणांनी त्याच्या थकल्याभागल्या लोकांसाठी अंथरुणे, भांडी, गहू, जव, डाळी, मध आणि दही आणून दिले. 2 शमुवेलाच्या 17 व्या अध्यायात ही यादी एकेका जिनसेसह दिली आहे. संकट टळून राजा परत निघाला, तेव्हा त्याने बर्जिल्लयाला यरुशलेमास येऊन आपल्याजवळ राहण्याची विनंती केली. त्यावर तो म्हातारा म्हणाला की, मी ऐंशी वर्षांचा झालो, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही. मला माझ्या गावी, आईवडिलांच्या कबरेजवळ मरू द्या, आणि न्यायचेच तर माझ्याऐवजी या किम्हामाला न्या. (किम्हाम हा बहुधा त्याचा मुलगा.) दाविदाने आग्रह केला नाही. तुला बरे वाटेल तेच मी किम्हामासाठी करीन, असे म्हणून त्याने बर्जिल्लयाचे चुंबन घेतले आणि त्याला आशीर्वाद दिला. एवढ्यावर त्याने ते संपवलेही नाही. मरण्यापूर्वी आपला मुलगा शलमोन याला अखेरच्या सूचना देताना, बर्जिल्लयाच्या मुलांना तुझ्या पंक्तीला जेवू घाल, हे त्याने आवर्जून सांगितले.

उपकार करणाऱ्याला काय हवे आहे हे त्यालाच विचारावे, त्याने नाही म्हटले तर ते मान्य करावे, आणि तरीही ती आठवण आपल्या घरात पुढच्या पिढीपर्यंत जपावी, असे मी यातून घेते. आपल्या काकूंना कदाचित पाकीट नको असेल, साडीही नको असेल. पण त्यांच्या घरी कार्य निघाले की कामाला आधी उभे राहणारे घर आपले असावे, एवढे त्यांना नक्की आवडेल.

जेवणाविषयीही दोन गोष्टी सांगते. लेवीयाच्या 7 व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे, सकाळपर्यंत काही ठेवू नये, अशी आज्ञा आहे. एका घराला ते संपवणे कठीण. म्हणजे पुष्कळांना बोलवावेच लागत असणार, असे मला वाटते. आणि लूकाच्या 14 व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, मेजवानी देशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या मित्रांना आणि धनवान शेजाऱ्यांना बोलावू नकोस, तर ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलाव. आपल्या यादीला ही कसोटी लावून पाहा. वॉर्डातल्या मावशी पहिल्या पंक्तीला बसल्या पाहिजेत.

उत्तर 2: परिचारिका_27

मी रुग्णालयात काम करते, म्हणून त्या बाजूचे थोडे सांगते.

रुग्ण बरा होऊन जाताना नातेवाईक डॉक्टरांना हार आणि पेढे देतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या मावशींनी रात्री चादर बदलली, ज्या मामांनी स्ट्रेचर ढकलले, त्यांच्याकडे जाताना कोणी वळूनही पाहत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळ जण कंत्राटी असतात आणि त्यांच्या कामाची नोंद कोठेही होत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, आपण एक पत्र लिहावे. त्यात मावशींचे पूर्ण नाव, वॉर्ड आणि त्यांनी काय केले हे दोन-चार स्पष्ट वाक्यांत लिहावे, ते पत्र मेट्रनकडे आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे द्यावे आणि एक प्रत मावशींच्या हाती द्यावी. रोख रक्कम देणे बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही आणि त्यातून पुढच्या गरीब रुग्णाकडून तशीच अपेक्षा निर्माण होऊ शकते. पत्राने मात्र त्या माणसाची मान वरिष्ठांपुढे उंच होते. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात हेच केले आहे. फिबी, प्रिस्का, अक्विला अशी एकेकाची नावे घेऊन त्याने त्यांचे श्रम साऱ्या मंडळीसमोर मांडले, आणि रूफाची आई मलाही आईसारखी आहे, हे सांगायलाही तो विसरला नाही.

आता रक्ताविषयी. ते कोणी दिले हे रक्तपेढी आपणांस सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्याची परतफेड रक्त देऊनच होऊ शकते. 18 ते 65 वर्षे वयाच्या, किमान 45 किलो वजनाच्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते; पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे करतात, त्यामुळे एकाचे रक्त अनेकांच्या उपयोगी पडते. प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात, म्हणून एका मोठ्या शिबिरापेक्षा वर्षभर नियमाने येणारा दाता रक्तपेढीला अधिक मोलाचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात, महाविद्यालयांना सुट्या लागल्यावर, रक्ताचा तुटवडा जाणवतो. वडिलांच्या शस्त्रक्रियेची तारीख लक्षात ठेवून घरातल्या तरुणांनी वर्षभर हा नेम पाळला, तर आपला दुसरा प्रश्न, म्हणजे प्रार्थनेच्या दिवसानंतर काय, बऱ्याच अंशी सुटतो.

उत्तर 3: केगाव_वाचक

मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या आनंदात ती कटू वाटू नये, ही विनंती.

माझ्या पत्नीसाठीही मंडळीने अशाच कळकळीने प्रार्थना केल्या होत्या. ती गेली. त्यानंतर ज्या ज्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना झाली, तेथे मी गेलो, कारण दुसऱ्याच्या आनंदात आनंद करणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु काही साक्षींमध्ये, आमचा विश्वास दृढ होता म्हणून देवाने ऐकले, असे वाक्य येते, आणि मागे बसलेल्या माणसाला त्याचा दुसरा अर्थ ऐकू येतो. पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काटा राहिलाच. पौलाचा विश्वास कमी होता, असे कोणी म्हणणार नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

“सर्व स्थितीत उपकारस्तुती करा” हे वचन मी आजही मानतो. त्याचा अर्थ, जे घडले ते चांगलेच होते असे म्हणा, असा मी घेत नाही. त्या दिवसांत माझ्याजवळ जे लोक येऊन बसले, ज्यांनी एकही उपदेश केला नाही आणि माझ्या मुलांना शाळेत सोडले, त्यांच्यासाठी मी देवाचे आभार मानू शकतो, आणि मानतो. म्हणून साक्षीत आपण देवाची कृपा आणि माणसांची माया यांविषयी अवश्य बोला. आपल्या विश्वासाच्या मोठेपणाविषयी बोलू नका. आणि जमल्यास ज्या घरी यंदा रिकामी खुर्ची आहे, त्या घरी जेवणाआधी स्वतः जाऊन भेटा.

उत्तर 4: पूर्व_भाग

मी ख्रिस्ती नाही. आमचे घर तेलुगू भाषिक विणकरांचे आहे आणि आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आपल्याला कोणाचा गैरसमज होईल अशी भीती वाटते, म्हणून लिहितो.

आमच्या शेजारचे एक ख्रिस्ती कुटुंब दरवर्षी नाताळला आम्हांला करंज्या पाठवते आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे येऊन जेवते. त्यांनी प्रार्थनेला बोलावले, तेव्हा काय काय होणार हे आधी स्पष्ट सांगितले: गीते होतील, प्रार्थना होईल, आपण नुसते बसलात तरी चालेल, किंवा फक्त जेवायला आलात तरी आम्हांला तितकाच आनंद होईल. अशा आमंत्रणात संशयाला जागाच राहत नाही. आपण त्या लिंगायत काकूंना बोलावणार असाल, तर स्वयंपाक पूर्ण शाकाहारी करावा आणि तसे त्यांना आधी कळवावे. त्याच पंक्तीत दुसऱ्या बाजूला मटण वाढले, तर त्या संकोचाने उठतील. रिक्षावाल्या चाचांसाठी नमाजाची वेळ पाहून जेवणाची वेळ ठेवावी. आणि त्यांनी काही आणले, अगदी किलोभर साखर आणली तरी, ती नाकारू नये. नेहमी आपणच देणारे राहायचे, असा आग्रह शेजाऱ्याला परका करतो.

उत्तर 5: मंगळवेढेकर

वरील सर्व उत्तरे चांगली आहेत, पण आपल्या दोन कामगारांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

शेजाऱ्याने केले ते प्रेमापोटी. कामगाराने केले त्यात प्रेम तर होतेच, पण त्याच्या कष्टाचा मोबदलाही होता. तेथे कृतज्ञतेची सुरुवात जेवणाने होत नाही, मजुरीने होते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय 19 मध्ये आहे, आणि अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे व ते ओरडणे सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेले आहे, असे याकोब आपल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात लिहितो. त्या दिवसांत त्यांनी जादा पाळ्या केल्या असतील, तर त्यांचा हिशेब आपण होऊन काढावा, त्यांना मागायला लावू नये, आणि ही रक्कम बक्षीस म्हणून न देता त्यांचा हक्क म्हणून द्यावी. बाजारात मंदी असतानाही आठवड्याचा पगार ठरल्या दिवशी देणे हीच आपली रोजची उपकारस्तुती आहे, असे मी मानतो. माझ्या शेतावर ज्वारीची काढणी असते, तेव्हा मीही हाच नियम पाळण्याचा प्रयत्न करतो. हंगाम सणाला मंडळीत पहिली कणसे अर्पण करायची आणि कापणाऱ्या बायांचे पैसे पुढच्या बाजारापर्यंत लांबवायचे, हे एकत्र नांदू शकत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: टॉवेलवाला_सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि विचारपूर्वक लिहिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

केगावच्या दादांचे लिखाण मी वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी आमच्या मंडळीतील एका घराचे नाव घेतले, जेथे याच पावसाळ्यात एक तरुण मुलगा गेला. उद्या संध्याकाळी आम्ही दोघे तेथे जाणार आहोत.

जादा पाळ्यांचा हिशेब काढला आहे आणि या शनिवारी तो पगारासोबत देईन. मावशींचे पूर्ण नाव मिळवण्यासाठी वॉर्डातल्या सिस्टरना फोन केला आहे. पत्राचा मसुदा तयार झाला की येथे टाकतो, परिचारिकाताईंनी तो एकदा पाहावा. स्वयंपाक शाकाहारीच होईल: कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी आणि हुग्गी (गव्हाची खीर). काकूंना आज विचारले, तुम्हांला आमच्याकडून काय आवडेल? त्या म्हणाल्या, माझ्या नातीला दहावीचे गणित अवघड जाते, तुझ्या बायकोने आठवड्यातून दोनदा शिकवले तर बरे होईल. माझी पत्नी सोमवारपासून शिकवायला सुरुवात करते आहे.

एक गोष्ट शिक्षिकाबाईंना विचारायची आहे. वडिलांच्या मनात साक्ष स्वतः द्यावी असे आहे, पण ते फार वेळ उभे राहू शकत नाहीत. बसून दिली आणि शेवटचा भाग मी वाचला, तर चालेल ना?

उत्तर 6: निवृत्त_शिक्षिका

अवश्य चालेल. त्यांना खुर्ची द्या, आणि शक्य असेल तर ज्या ज्या माणसांची नावे घ्यायची आहेत, ती त्यांनाच घेऊ द्या. वचनाचा भाग आपण वाचा.