विमानात हायड्रोजन भरायला अडचण काय आहे?

सोनेगावकर:
भाऊ लोक, पोट्टा दहावीत आहे, त्याने विचारलं की किलोमागे हायड्रोजनमध्ये विमानाच्या इंधनापेक्षा जवळपास तिप्पट ऊर्जा आहे तर मग तेच काहून नाही भरत, वजन तर कमीच होईल ना. मी म्हटलं थांब, विचारून सांगतो. अन् द्रव हायड्रोजन उणे २५३ डिग्रीला ठेवायचं कसं बाप्पा, मे महिन्यात इथं माठातलं पाणी गार राहत नाही.

मिहान_शिफ्टवाला:
वजनाने हलका हे खरं, पण जागा लय खाते. विमानाचं इंधन लिटरला ८०० ग्रामच्या आसपास भरते, द्रव हायड्रोजन फक्त ७१ ग्राम. तेवढ्याच ऊर्जेला चौपट टाकी लागते. आता इंधन पंखाच्या पोकळीतच असते, पण याला चपटी टाकी जमत नाही, गोल नाहीतर सिलिंडरसारखी पाहिजे, वरून जाड इन्सुलेशन. मग ती बॉडीतच बसवा, म्हणजे मागच्या सीटा गेल्या अन् तिकिटाचा हिशोबही गेला. द्रव करण्यातच त्याच्या एकूण ऊर्जेचा तिसरा हिस्सा उडते ते वेगळंच.

काटोल_लाइन:
आमचा मामा गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करतो, त्याच्याकडे द्रव नायट्रोजनचा कॅन आहे, उणे १९६. झाकण मुद्दाम सैल, कारण आतला गॅस उडतच राहते, कोंडला तर कॅन फुटेल. किती उरलं ते पाहायला काडी बुडवून बाहेर काढतो, जिथवर पांढरं बर्फ चढलं तिथवर माल. हायड्रोजन तर याच्याहून ५७ डिग्री खाली. इन्सुलेशन नसलेल्या पाइपवर हवाच पातळ होऊन टपकते म्हणे, अन् त्यात ऑक्सिजन जास्त, खाली डांबर असलं तर भडकायला वेळ नाही, झालंच कल्याण!

सोनेगावकर:
म्हणजे कधी उडलंच नाही का?

मिहान_शिफ्टवाला:
उडलं ना. एप्रिल १९८८, सोव्हिएत तुपोलेव्ह टीयू-१५५, पण तीनपैकी एकच इंजिन हायड्रोजनवर. एअरबसने २०२० मध्ये २०३५ चा वायदा केला होता, २०२५ मध्ये तो पुढे ढकलला. इस्रो वापरते, पण रॉकेट एकदा भरलं की गेलं, विमान दिवसातून चारदा भरावं लागते.

धंतोली_चहा:
धूर नाही म्हणून लोक खूश, पण पाण्याची वाफ जास्त निघते अन् नायट्रोजन ऑक्साइडसारखे प्रदूषण करणारे गॅस तर होतातच. बाकी अशा टाक्यांची परवानगी देणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं हेड ऑफिस नागपुरातच आहे, फाइल आपल्याच गावात येईल 😄

सोनेगावकर:
पोट्टा म्हणते आधी मामाचा कॅन दाखवा. रविवारी येऊ का काटोलला?

काटोल_लाइन:
या की. चपला नका घालू, बूट घालून या.