पहिली-दुसरीच्या लेकरांना सिद्धार्थ उद्यानात न्यायचंय, तिथं नेमकं काय दाखवू?

गोदाकाठची मॅडम (गेवराई तालुका)
नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची शाळा शहागडच्या पुलाच्या अलीकडं. पहिली-दुसरीची मिळून 34 लेकरं. जानेवारीत त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातलं प्राणिसंग्रहालय दाखवायचं चाललंय. पाचोड, आडूळ करत एसटीनं जायचं. अर्ध्याहून जास्त लेकरांचे मायबाप तेव्हा ऊसतोडीला गेलेले असतात, लेकरं आजीजवळ. बऱ्याच जणांनी शहर पाहिलेलंच नाही. म्हणून ही सहल नुसती खाऊ आणि फोटोंची होऊ नये असं मला फार वाटतं. पिंजऱ्यापुढून रांग सरकत राहते, "वाघ पाहिला का?" "पाहिला!" आणि पुढं. सहा-सात वर्षांच्या लेकराला तिथं काय दाखवावं? आधी वर्गात काय करून घ्यावं? आणखी एक. आमच्याकडं उसात बिबट्या दिसल्याची बातमी आली की लेकरं घाबरून जातात. त्यांना पिंजऱ्यातला बिबट्या दाखवावा का?

निवृत्त गुरुजी (अंबड)
मॅडम, सगळे पिंजरे दाखवायचा आग्रह सोडा. तीन-चार प्राणी ठरवा आणि प्रत्येकापुढं लेकरांना खाली बसवा. वाघापुढं तर चांगला पाव तास. पहिली पाच मिनिटं गलका होईल, मग चुळबुळ, आणि त्यानंतर लेकरं खरं बघायला लागतात. "गुरुजी, त्याच्या कानामागं पांढरा ठिपका आहे" हे वाक्य त्या शेवटच्या पाच मिनिटांतच येतं. तो ठिपका खरंच असतो, दोन्ही कानांच्या मागं.

पण डोळ्यांना सवय गावातच लावायची. आठवडाभर आधी सांगा, घरातलं मांजर नीट बघून या. चालताना नखं दिसतात का? दिसत नाहीत, आत ओढून घेतलेली असतात. कुत्र्याची मात्र कायम बाहेर. वाघ चालताना लेकरांना त्याचा पंजा बघू द्या, तो मांजराच्या बाजूचा का कुत्र्याच्या, हे त्यांनाच ठरवू द्या. मांजराच्या डोळ्यातली बाहुली भर उन्हात उभी चीर होते, वाघाची गोलच राहते. हे पिंजऱ्याबाहेरून दिसेलच असं नाही, त्यासाठी वर्गात मोठं चित्र दाखवा.

पांढरा वाघ दिसला की कोणीतरी हमखास म्हणेल, हा म्हातारा झालाय. त्यांना गोष्ट सांगा. 1951 मध्ये रीवाच्या जंगलात एक पांढरा बछडा धरला, त्याचं नाव मोहन ठेवलं. आज प्राणिसंग्रहालयांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. जात वेगळी नाही, आपल्या पट्टेरी वाघाचाच रंग तेवढा वेगळा. रंग टिकवायला नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या, त्यानं पिल्लांत व्यंगं आली. हे दुसरीतल्या लेकरालाही कळतं, आणि कळावं असं मला मनापासून वाटतं.

बिबट्या जरूर दाखवा. भीती घालवायला मात्र नाही. 2020 मध्ये आष्टी तालुक्यात माणसं गेली, त्या भीतीला कारण आहे. पिंजऱ्यापुढं उभं राहून एवढंच बोला की अंधार पडल्यावर एकटं बाहेर जायचं नाही, उसाच्या कडेला खाली बसायचं नाही, हातात बॅटरी, मोठ्यानं बोलत चालायचं, आणि दिसलाच तर पाठ दाखवून पळायचं नाही. बसलेलं किंवा वाकलेलं लहान माणूस त्याला शिकारीच्या मापाचं वाटतं. बिबट्या समोर असताना ऐकलेलं लेकरू विसरत नाही.

जनावरांचा डॉक्टर (अंबाजोगाई)
गुरुजींनी मांजर सांगितलं, मी शेळी सांगतो. सहलीच्या आधी शाळेत एक शेळी आणा आणि मालकाला तिचा वरचा ओठ उचलायला सांगा. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात! खाली दात, वर नुसती टणक हिरडी. गाईचं, म्हशीचं, हरणाचंही तसंच. रोज शेळ्यांमागं फिरणाऱ्या लेकरांनीही हे पाहिलेलं नसतं. मग तिची बाहुली बघा, आडवी असते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणजे चरताना मागून कोण येतंय तेही दिसावं. वाघाचे डोळे समोर. हा फरक लेकरांनी स्वतः पकडला की अर्धा धडा तिथंच झाला.

हरणांपुढं बसवाल तेव्हा विचारा, तोंडात चारा नसताना ते काय चावतंय? रवंथ. शेळी पाहिलेलं लेकरू लगेच सांगतं. शिंगांवर थोडं बोला. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, काळविटाची जन्मभर तीच. रोही, म्हणजे नीलगाय, दिसला तर त्यानं खाल्लेल्या घरच्या ज्वारीचा विषय निघेल, निघू द्या. गावात त्याला घोड्यात काढतात, पण तो गाय-शेळीच्याच कुळातला, खुरं दुभंगलेली बघा.

आदूची आई (संभाजीनगर)
मी जवळच राहते, म्हणून व्यवहाराचं तेवढं सांगते. सकाळी दार उघडायच्या वेळेला पोचा. दुपारी वाघ सावलीला पाय पसरून झोपतात आणि लेकरं निराश होतात. रविवार नको, फार गर्दी. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते आधी फोन करून विचारा. शालेय सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते, आगारात मुख्याध्यापकांचं पत्र लवकर द्या. संमतीपत्रावर आजीचा अंगठा घेतला तरी ऊसतोडीला गेलेल्या आई-वडलांशी फोनवर बोलून घ्याच, माझं एवढं ऐका.

आणि मोठी माणसं जाळीवर थापा मारतात, शेंगदाणे टाकतात, ते लेकरं बघतातच. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला डिवचणं, खायला टाकणं, आरडाओरडा करून त्रास देणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हे त्यांना गाडीतच सांगून ठेवा. मग तीच शिकवतात मोठ्यांना, आमच्या आदूनं एका काकांना बजावलं होतं.

गोदाकाठची मॅडम
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ठरवलं मी: वाघ, बिबट्या, हरणं आणि सर्पालय, एवढंच. आमच्याकडं साप दिसला की काठीच निघते, म्हणून नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी आणि धामण बिनविषारी, चित्रांवरून आधी ओळखून घेते. खाऊ बाहेर आल्यावर, हात धुऊन. शेळी शेजारच्याच वस्तीवरून आणते. डॉक्टर, शेळी कोणती आणू?

जनावरांचा डॉक्टर (अंबाजोगाई)
दुभती, माणसाळलेली आणा. गाभण नको, बोकड तर नकोच. सकाळी चरून आल्यावर आणा म्हणजे रवंथही बघायला मिळेल. एका वेळी पाच-सहा लेकरंच जवळ जाऊ द्या, आणि ओठ मालकच उचलेल, लेकरांनी बोटं घालायची नाहीत. मागच्या दाढा धारदार असतात.