मदत हवी आहे : डोहात उतरलेल्या महसीरचा रेडिओ सिग्नल मिळत नाही

नमस्कार मंडळी,

महसीर हा मासा नदीत कुठे फिरतो, कुठे थांबतो यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. नदी सह्याद्रीतली. नाव मुद्दाम लिहीत नाही. मोठे मासे कुठे आहेत हे कळलं की स्फोटाने मासे मारायला जिलेटीन घेऊन माणसं येतात. एका सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगणारी पिल्लं मी पाहिली आहेत.

नोव्हेंबरात ११ माशांच्या पोटात टॅग, म्हणजे रेडिओ सिग्नल देणारी छोटी यंत्रं, बसवले. लवंग तेलाच्या पाण्यात भूल, पोटाला छोटा छेद, तीन टाके, आणि टॅगची बारीक तार शेपटीकडे लोंबती. टॅग ९ ग्रॅमचा, सगळ्यात लहान मासा १ किलो १०० ग्रॅमचा, म्हणजे वजनाच्या २ टक्क्यांच्या आतच. वारंवारता १५० मेगाहर्ट्झच्या आसपास. हातात यागी (सिग्नलची दिशा दाखवणारी) अँटेना घेऊन काठाकाठाने चालत शोधते.

जानेवारीपर्यंत छान चाललं होतं. खळाळत्या उथळ पाण्यातला मासा दोनअडीचशे मीटरवरूनही टक्-टक् ऐकू यायचा. आता एप्रिलात धार तुटली आणि फक्त डोह उरलेत. दोरीला दगड बांधून मोजलं तर मोठा डोह ९ मीटर भरला. पाण्याची विद्युतवाहकता डिसेंबरात १४० होती, आता ३१० मायक्रोसीमेन्स. ७ मासे गप्प झालेत. जे ऐकू येतात त्यांचा आवाज समोरच्या कातळावरूनही येतो, त्यामुळे दिशा नक्की होत नाही. एक टॅग तर २३ दिवस एकाच दगडाखाली आहे. मासा मेला, टॅग बाहेर पडला, की तो नुसता बसून आहे?

हे ७ मासे ‘हरवले’ म्हणून वगळले तर माझी आकडेवारी सांगेल की महसीर उन्हाळ्यात खोल डोह वापरत नाही. म्हणजे खऱ्याच्या अगदी उलट! उद्या त्या डोहातून वाळू उपसायला परवानगी मागणाऱ्याच्या हातात हाच कागद जाईल, याची मला फार भीती वाटते. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद :

ताई, माशांतलं मला कळत नाही, पण हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संदेशन, बरीच वर्षं करतोय. गोड्या पाण्यातून लहर बाहेर पडते ती जवळजवळ सरळ वरच, उभ्या रेषेपासून ६-७ अंशांच्या आत. त्याहून तिरकी गेली की पृष्ठभागावरून परत आत. त्यात खोली आणि क्षार वाढले की ती वाटेतच विरते. अँटेनाच पाण्यात न्या. कोॲक्सिअल केबलच्या (टीव्हीच्या अँटेनाला असते तशी) टोकाची बाहेरची जाळी बोटभर सोला, आतली तार उघडी ठेवा आणि तराफ्यावरून खाली सोडा. पल्ला थोड्याच मीटरचा, पण मासा खालीच आहे याची खात्री होते. त्याआधी एक शिल्लक टॅग दोरीला बांधून मीटर-मीटरने त्याच डोहात उतरवा. काठावर कोणत्या खोलीला आवाज बंद होतो ते लिहून ठेवा.

धागाकर्ती :

दादा, मनापासून आभार. काल शिल्लक टॅग सोडून पाहिला. ४ मीटरपर्यंत काठावर ऐकू आला, ५ मीटरला पूर्ण बंद. म्हणजे अर्ध्या डोहाला माझी यागी बहिरीच आहे. शनिवारी ट्यूबचा तराफा घेऊन केबल सोडते. दगडाखालच्या माशाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. त्याच्यासाठी रात्रभर थांबायची तयारी आहे, पण किती रात्री गेल्यावर ‘हालला नाही’ असं लिहायचं? मासे टॅग केलेल्या कुणी सांगेल का?