मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ चे मूळ अवयव, १२८ कुठून आला?

नमस्कार मंडळी,

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. गणितज्ञ फर्माला ती मूळ वाटली होती. गणितज्ञ ऑयलरने १७३२ साली फोड दाखवली: ६४१ × ६७,००,४१७.

तिचा कुठलाही मूळ अवयव 'प' घ्या. 'प' ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते, ६४ व्या घाताची १. म्हणून ६४ ने (प − १) ला भाग जातो. इथवर पटलं. म्हणजे ६४ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्याच बघायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पाचवा ६४१! हाताने करण्याजोगं काम आहे, हेच भारी वाटतं.

पण फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने ६४ च्या जागी १२८ आणला. मग ६४१ च्या आधी उरतो फक्त २५७. पुस्तकात एवढंच, की २ हा 'प' च्या संदर्भात वर्ग असतो (म्हणजे कुठल्यातरी संख्येच्या वर्गाला 'प' ने भागल्यावर बाकी २ येते). तो का असतो आणि त्यातून दुप्पट कशी मिळते, कोणी पायरीपायरीने सांगेल का?

जोडप्रश्न: ६७,००,४१७ मूळ आहे हे दाखवायला त्याच्या वर्गमुळापर्यंतचे, म्हणजे २५८८ पर्यंतचे, याच साच्यातले (१२८ ने भागून १ उरणारे) मूळ अवयव तपासले की पुरे ना? संगणकाचं उत्तर नको, कारण हवं.